शेठ रांगेत उभे राहिले तो रविवार

हौशीरामकाका अंघोळीलासुद्धा गळ्यातलं स्टॉपवॉच काढत नाहीत, असं त्यांच्या बायकोनंच मला सांगितलंय. अठरा वर्षं त्यांनी जुन्नर-आंबेगावच्या घाटांवर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्यांवर, बैलगाडा शर्यतींची वेळ घेतली. झेंडा पडला की बटण, गाडा निशाणापार गेला की बटण. अकरा पॉइंट बावन्न सेकंद म्हणजे बावन्नच, तिथं पाटील असो की पुढारी. काकांच्या घड्याळाशी कुणी हुज्जत घातल्याचं ऐकिवात नाही.

मग शर्यतींवर बंदी आली, काका घरी बसले आणि काही दिवसांनी ओझरजवळच्या आमच्या वॉटर पार्कात घसरगुंडीवर राखणीला लागले. बंदी उठली तरी इथंच राहिले. मी तिथं तिकीटखिडकीत बसते, त्यामुळं पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

यंदा आमचे मालक सयाजीशेठ यांच्या डोक्यात नव्या पार्कचं खूळ शिरलं. घोडेगावच्या पुढं वीस एकर जागा, तिथं खोट्या लाटा आणि सात मजली घसरगुंडी! इकडं आमच्या दोन घसरगुंड्यांपैकी एक तर दोन वर्षं बंद, तिचं काही नाही. नवं उभं राहिल्यावर जुन्याला कोण विचारणार होतं? आम्ही तीस जण आसपासच्या गावांतून पायी नाहीतर सायकलवर येतो. घोडेगावला सकाळी वेळेत पोचवणारी एसटी आमच्या गावांना नाही. मला शेठचा असा राग आला होता की विचारू नका, पण बोलायची छाती कुणाची नव्हती.

बोलले ते काका. "शेठ, माणूस घसरतो अकरा सेकंद. त्यापायी रांगंत उभा ऱ्हातो एकावन्न मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलंय. तिकडं सात मजलं बांधलं तरी लोकं रांगंतच कावत्याल. आदी हितलं नीट करा."

शेठ भडकले. "मग दाखव की करून! येत्या रविवारी दुपारी एकला मी सोता रांगंच्या शेपटाला उभा ऱ्हातो. दहा मिनिटांच्या आत घसरगुंडीच्या टोकावरनं सुटलो, तर घोडेगावचं सोडून देतो, सगळं हितंच लावतो. न्हाई सुटलो, तर परत ह्या विषयावर तोंड उघडायचं न्हाई."

त्या आठवड्यात काकांनी आम्हाला नुसतं पळवलं. घाटात एक बारी, म्हणजे एक गाडा, पळत असते तेव्हाच पुढची बारी जुंपून तयार असते, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. आमच्याकडं मात्र माणूस ट्यूब घेऊन जिना चढणार, वर मनगटावरचा तिकिटाचा पट्टा दाखवणार, मग कपडे सावरत बसणार आणि खालचे ताटकळणार. काकांनी पट्टा बघायला जिन्याखाली माणूस बसवला. ट्यूबा दोरीनं वर ओढायला लावल्या. दोन माणसं कायम बसून तयार, लाल झेंडा पडला की सुटायचं. आमच्या फिटर सुनीलनं बंद घसरगुंडीचा पंप खोलला, तर जाळीत कुजका पाला आणि पोरींच्या केसांचे रबर! बाकी पंप ठणठणीत. दोन वर्षं आम्ही त्याच्या शेजारून ये-जा करत होतो. लाजच वाटली मला.

रविवारी विघ्नहराचं दर्शन घेऊन आलेली माणसं पार्कात मावत नव्हती. एकला शेठ हाफ पँट आणि बनियनवर रांगेत आले आणि काकांनी बटण दाबलं. मी खिडकी दुसरीवर सोपवून पळाले. दोन्ही घसरगुंड्यांवर झेंडा पडत होता, रांग सरकत होती, रांगेतली माणसंच टाळ्या पिटायला लागली. आठ मिनिटांना शेठ जिन्यावर होते. मला मजा लई वाटत होती.

शेठ वर बसले. झेंडा पडला. शेठनी खाली बघितलं आणि बाजूची दांडी घट्ट धरली. मग एकदाचे सुटले.

वर झेंड्यापाशी थांबलेले काका घड्याळ मुठीत धरून खाली आले. सुनीलनं आकडा बघितला आणि त्यांच्या कानाशी लागला, "काका, दहाच्या आत म्हणा. कोण बघतंय?" मीही मनात तेच म्हणत होते.

"दहा मिनिटं चार सेकंद," काका मोठ्यानं म्हणाले. "शेठ, मी हरलो."

मला रडूच आलं.

शेठ ओलेचिंब उभे. "आन ही चार सेकंद कुठं गेली?"

"वर. झेंडा पडला तवा नऊ मिनिटं छप्पन्न सेकंद झाली व्हती. तुमी आठ सेकंद दांडी सोडली न्हाई."

शेठनी वर घसरगुंडीकडं हात केला. "भ्यालो व्हतो राव," ते म्हणाले. "नऊ वर्सं झाली पार्क काढून, हिच्यावर कधी बसलोच नव्हतो."

मग सुनीलकडं वळले. "घोडेगाववाल्यांना फोन लाव. जागा नको म्हणावं. आठ दिवसांत एकावन्नाची दहा व्हत्यात, तर सगळं हितंच लावू."

आम्ही ओरडलो का नाचलो, ते मला आठवत नाही. शेठ मात्र ट्यूब उचलून पुन्हा रांगेकडं निघाले होते. पुढच्या माणसांनी मालक म्हणून त्यांना वाट करून दिली.

"नको पावणं," शेठ शेवटाला उभे राहत म्हणाले, "घड्याळ चालू हाय."