तिसऱ्या कार्डाची मांडवली

त्या वर्षी मी भिवंडीजवळच्या वळ गावात, एका गोदामात डिस्पॅच क्लार्क होतो आणि फोन खिशात ठेवायला घाबरत होतो. टेबलाच्या खणात, चलनांच्या गठ्ठ्याखाली तो दाबून ठेवायचो, म्हणजे थरथरला तरी शेजारच्याला कळू नये. क्रेडिट कार्डांच्या वसुलीची माणसं सकाळी दहाला फोन सुरू करत. ट्रक लागला की मी हमालांबरोबर स्वतः खोके मोजत उभा राहायचो. ते माझं काम नव्हतं. आत आलो की खण उघडायचो, किती कॉल येऊन गेले ते पाहायचो, बंद करायचो, पाच मिनिटांनी पुन्हा उघडायचो.

ही कार्डं मला कुणी गळ्यात मारली नव्हती. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मानकोली नाक्यावर टाय घातलेली मुलं टेबल मांडून बसत आणि फॉर्म भरून घेत. पॅनची झेरॉक्स आणि पगाराची स्लिप, एवढंच लागायचं. अंबाडीच्या पुढे असलेल्या आमच्या गावात, आमच्या घरात, पगाराची स्लिप मिळालेला मी पहिला. बी.कॉम. झालेलाही पहिलाच. माझी स्लिप पाहून त्या मुलाने मला ‘सर’ म्हटलं. मला तोवर सर कुणी म्हटलं नव्हतं. वर्षभरात माझ्याकडे तीन कार्डं झाली.

मग थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. बाबा भिवंडीत लूमवर कामाला होते, त्यांनी आपल्या परीने सगळी जमवाजमव केली होती. ते म्हणाले, “बेंजो नको. जेवन कर, मांडव कर, बेंजो नको.” मी म्हटलं, मी आहे ना. कार्डावर एटीएममधून रोख काढली. बेंजो वाजवणारी पार्टी आली, मटणाच्या पंगती उठल्या, पहाटेपर्यंत गाव नाचलं. बाबा मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांना आनंद झालाय की काळजी वाटतेय, हे मला त्यांच्या तोंडावरून वाचता आलं नाही.

दर महिन्याच्या कागदावर ‘मिनिमम ड्यू’ असा एक रकाना असे. मी तो हप्ता समजलो. आमच्याकडे टीव्ही, मिक्सर सगळं हप्त्यावरच यायचं, आणि हप्ता भरला की वस्तू आपली होते एवढंच मला ठाऊक. सव्वा वर्ष मी इमानदारीने तो रकाना भरत राहिलो आणि मूळ रक्कम कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात, कारण मी कॉमर्सचा पदवीधर होतो. शेवटी तिसऱ्या कार्डाला तेवढंही उरेना, तेव्हा ते मी भरायचं सोडलं. फोन सुरू झाले ते त्यानंतर.

या सगळ्यात धाकट्या बहिणीची बारावी चालू होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. हुशार होती, जागा मिळणार हे तिच्या बाईंनी सांगितलं होतं. फीसाठी शिक्षणकर्ज काढावं लागणार आणि त्यावर सही करायला घरात शिकलेला, पगारदार असा मी एकटा, हे मी धरूनच चाललो होतो. म्हणून मार्चमध्ये, तिचे पेपर संपायच्या आत, मी एका सरकारी बँकेच्या भिवंडीतल्या शाखेत गेलो. कर्ज पाहणाऱ्या मॅडमसमोर तिन्ही कार्डांचे कागद ठेवले.

त्यांनी ते चाळले. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “महिन्याला तीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला किती, हे कधी पाहिलंत?”

मी कागद उलटून व्याजाचा आकडा शोधायला लागलो.

“आमच्याकडून एकच कर्ज घ्या. व्याज निम्म्याहून कमी पडेल. त्यातून ही कार्डं बंद करू. एकच हप्ता, एकच तारीख. तो वेळेवर गेला की तुमची पतही सुधारेल.” त्यांनी समजावलं की कुणी किती घेतलं, कसं फेडलं याची नोंद आता एका ठिकाणी जमा होते आणि त्यावरून माणसाला एक आकडा मिळतो. त्याला स्कोअर म्हणतात. तोवर स्कोअर म्हटलं की मला क्रिकेटचा आठवायचा.

कर्ज मंजूर झालं, पण माझ्या पगारावर जितकं बसत होतं तितकंच. दोन कार्डांच्या नावाने बँकेने थेट ड्राफ्ट काढले. तिसऱ्याला पैसे उरले नाहीत. त्याचे शेहेचाळीस हजार तसेच राहिले.

तेव्हा मी मामांकडे गेलो. माझे मामा लूममालक आणि सुतवाले यांच्या भांडणात मध्ये बसायचे. कापड डागी निघालं, सूत कच्चं निघालं की दोन्ही बाजू त्यांना बोलवत. चहाचे दोन फेरे होत, एकजण थोडं सोडी, दुसरा थोडं भरी, आणि मामा म्हणत, “चलो, सेटल.” त्यानंतर त्या गोष्टीचा उच्चार करणं हाच अपमान समजत.

“बी.कॉम.ला मांडवली शिकवत न्हायत वाटतं,” मामा म्हणाले. “आन फोन.”

मी वसुलीवाल्याचा नंबर लावून दिला. मामा पायावर पाय टाकून बसले.

“हां भाईसाहब, मैं लडके का मामा बोलता हूं. लडका नौकरीवाला है, भागेगा नहीं. आखरी बोलो.” पलीकडचा काहीतरी बोलला. “अरे छत्तीस में तो मैं नया लडका ला दूं. आखरी बोलो.”

तीन दिवस हे चाललं. शेवटी सव्वीस हजारांवर आलं. गोदामातल्या भिशीत माझा नंबर लागला होता, ते पैसे आणि थोडे उसने असे मी एकरकमी भरले. पत्र आलं. त्यात ‘सेटल्ड’ असा शब्द होता. मामांनी तो शब्द बोटाने दाखवून मामीला वाचायला लावला. मी पेढे वाटले. फोन थांबले आणि महिनाभर मी माणसासारखा झोपलो.

जुलैत बहिणीला जागा मिळाली. फी भरायला पंधरा दिवस होते. मी शिक्षणकर्जाचा अर्ज भरला, सहकर्जदार म्हणून माझं नाव घातलं आणि ताठ मानेने मॅडमसमोर बसलो. त्यांनी स्क्रीनवर माझी नोंद काढली.

“हे तिसरं कार्ड सेटल केलंत तुम्ही?”

“हो मॅडम. पूर्ण मिटवलं. पत्र आहे.”

“मला आधी विचारायचंत.” त्यांनी चष्मा काढला. “इथे दोन शब्द असतात. सगळे पैसे भरले की ‘क्लोज्ड’. कंपनीने नाद सोडून मिळेल ते घेतलं की ‘सेटल्ड’. आमच्या भाषेत सेटल्ड म्हणजे या माणसाने पूर्ण दिलं नाही. स्कोअर पार खाली आलाय. तुमची दोन कार्डं नीट बंद झालीत, आमचा हप्ता वेळेवर येतोय, ते सगळं याने झाकून टाकलं. या नावावर वरचे साहेब सही करणार नाहीत.”

मी पायऱ्या उतरलो, रस्त्यापर्यंत गेलो, परत वर आलो, पुन्हा उतरलो. समोरच्या टेलिफोन बूथमधून कार्ड कंपनीला फोन लावला. एका मुलीने उचलला.

“मला उरलेले वीस हजार भरायचेत,” मी म्हटलं.

“सर, तुमचं झिरो दाखवतंय.”

“माहितेय. जे सोडलंत, ते भरायचंय.”

“सर, झिरोवर मी काय घेऊ?” तिने शेजारच्या कुणाला तरी विचारलं, तिकडे हसल्याचा आवाज आला. “सर, असं कुणी भरत नाही.”

चार फोन, चार माणसं. शेवटी एकाने सांगितलं, भरा, ‘क्लोज्ड’चं पत्र देऊ, पण नोंद बदलायला दीड-दोन महिने धरा. माझ्याकडे नऊ दिवस होते. तरी मी शेठकडे पगाराची उचल मागितली. ते म्हणाले, “माफ झालेले पैसे द्यायला उचल मागणारा तू पहिलाच.” त्यांनी दिली आणि मी ते वीस हजार भरले.

घरी मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. बहीण नर्सिंगच्या पांढऱ्या कापडाचा भाव काढून आली होती. तिच्याकडे बघवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी गोदामात न जाता बँकेत गेलो आणि म्हटलं, मॅडम, दुसरा काही रस्ता सांगा.

“वडील काय करतात?” त्यांनी विचारलं.

“लूमवर आहेत. चौथी शिकलेत.”

“शिक्षण मी विचारलं नाही. त्यांच्या नावावर जमीन?”

“थोडी आहे. सातबारा आहे.”

“कर्ज?”

“कधीच नाही.”

“मग त्यांना का आणलं नाहीत? पालक म्हणून पहिलं नाव त्यांचंच यायला हवं होतं. नोंद कोरी असेल, तर कोरी मला चालते.”

अर्जावर नाव कुणाचं घालायचं हा प्रश्नच मला पडला नव्हता. बँक, इंग्रजी फॉर्म, सही, हे सगळं माझं खातं, आणि बाबांचं खातं लूम, असं मी मनात कधीच वाटून टाकलं होतं. ज्यांनी रात्रपाळ्या करून मला कॉलेजात पाठवलं त्यांनाच मी या कामात मोजलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. बेंजोपासून. त्यांनी ऐकून घेतलं, तंबाखू थुंकून आले आणि म्हणाले, “सकाली किती वाजता उघडतं?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिफ्ट मोडली आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले. बहीण बरोबर होती. मॅडमनी त्यांचं नाव स्क्रीनवर शोधलं, काही निघालं नाही. फॉर्म मी भरला, कारण माझं अक्षर चांगलं आहे. सहीच्या जागा मॅडमनी पेन्सिलीने खुणा करून दिल्या. बाबांनी पहिली सही करायच्या आधी पेन थांबवलं.

“मॅडम, हप्ता चुकला त नाव कोनाचा खराब होल? माजा का पोरीचा?”

“दोघांचंही.”

बाबांनी माझ्याकडे मान वळवली. “आनि ह्याचा?”

“यांचा या कर्जाशी काही संबंध नाही.”

“मंग बरा हाय,” बाबा म्हणाले, आणि वाकून सही करायला लागले. बहिणीने तोंडावर ओढणी धरली. मॅडम कागदांत काहीतरी शोधू लागल्या.

पाच दिवसांनी कॉलेजच्या नावाचा ड्राफ्ट निघाला, शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी. मी त्यावरचं कॉलेजचं स्पेलिंग काउंटरवरच तीनदा तपासलं. चौथ्यांदा पाहायला लागलो तेव्हा बहिणीने तो माझ्या हातातून काढून घेतला, बाबांच्या शर्टाच्या वरच्या खिशात घातला आणि त्यावर सेफ्टी पिन लावली. ती दोघं एसटीत बसून कॉलेजला गेली.