एका बाजूची धार

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. मुलीकडे सिंगापुरात, हौगांगला राहायला गेलो होतो. लेकीच्या घरी बसून खाणं मला कधी जमलं नाही. काही ना काही काम करून दाखवल्याशिवाय घास गोड लागत नाही. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढे जन्मभर तालुक्याच्या गावी मटणाचं दुकान चालवलं. एक गोष्ट मात्र मी चारचौघांत छाती काढून सांगत आलो, की माझ्या हातून जनावर कधी तडफडलं नाही. धार लावावी तर मीच.

जावई जहाजावर इंजिनिअर. जमिनीवर असले की क्लबात जाऊन धनुष्यबाण चालवतात. सिंगापुरात शिकार नाही, सगळं कागदाच्या निशाणावर. पण त्या खेपेला ते आणि त्यांचा एक मित्र ऑस्ट्रेलियात एका शेतावर रानडुकरं मारायला निघाले होते. डुकरांनी शेत उकरून ठेवलेलं, मालकानेच बोलावलेलं, सगळं रीतसर. रविवारी सकाळचं विमान.

शनिवारी दुपारी दोघं जेवणाच्या टेबलावर बाणाची पाती मांडून बसले. मित्र मूळचा पुण्याचा, राहायला तिथेच जवळ पुंगोलला, कॉम्प्युटरवाला. कुठली पाती न्यायची यावर त्यांची हुज्जत चालली होती.

"बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, मामा," जावई म्हणाले. "कापून मारतो. धार कमी पडली की डुक्कर जखम घेऊन पळतं आणि झाडीत दोन दोन दिवस मरत पडतं."

"मग हे माझं काम," म्हणून मी खुर्ची ओढली.

पहिली पेटी तीन धारांच्या पात्यांची. अख्ख्या पोलादातून कोरलेली. मी नखावर टेकवून बघितली. दणकट, पण बुटकी. म्हटलं, ही जोर फार खाणार. दुसऱ्या पेटीतल्या पात्याला दोन मोठ्या धारा, आणि आडव्या दोन बारीक पट्ट्या. म्हटलं, या पट्ट्या फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या, हाडात राहतील, बाहेर यायच्या नाहीत.

"काका, तुम्ही यूट्यूबवर या," मित्र म्हणाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तिसरी पेटी सगळ्यात महागाची. लांब, निमुळती, दोन धारांची पाती. मी अंगठा फिरवला आणि हसायलाच लागलो. प्रत्येक धार एकाच अंगाने घासलेली, दुसरं अंग साफ सपाट.

"फसवलं तुम्हाला. अर्ध्या कामाचे पुरे पैसे घेतले."

"काका, ती मुद्दाम तशी असते. बाण ज्या अंगाने फिरत जातो त्याच अंगाने पातं आतही फिरत राहतं. हाड पिळून उकलतं त्याने."

"तुमच्याकडे मटण पिशवीतून येतं ना? मग मला हाड शिकवू नका. असलं अडाणी गिऱ्हाईक मिळालं की कंपनीचं फावतं."

जावई हसले. मित्रही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले, आणि पाहून मला मजा वाटली.

दोघं शेवटच्या सरावाला क्लबात गेले. धारेचा दगड मी गावाहून आणलेला, धोतरात गुंडाळून. दुसऱ्याच्या दगडावर माझा हात बसत नाही. त्या महागाच्या पेटीतली सगळी पाती मी दुसऱ्या अंगाने घासली. मन लावून घासली. मनगटावरचे केस साफ निघेपर्यंत. संध्याकाळी दोघं आले तेव्हा त्यांच्यासमोर कागद उभा धरून सरकन कापून दाखवला.

मित्राने तोंड उघडलं. जावयांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"झकास लागलीय, मामा," ते म्हणाले, आणि पेटी उचलून बॅगेत ठेवली.

मित्र गेल्यावर लेकीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "आबा, विचारायचं तरी. ती पाती तशीच असतात. तुम्ही ती बिघडवलीत."

"ते तर झकास म्हणाले."

"तुम्ही सासरे. तोंडावर काय म्हणतील? तीच नेणार आहेत, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

मी ऐकणारा नव्हे. रात्रीच्या जेवणासाठी तिने बकऱ्याचा फरा आणलेला होता, अजून अख्खा. त्या महागाच्या पात्यांपैकी एक आधीच बाणाला बसवलेलं, म्हणून माझ्या दगडातून सुटलं होतं. तो बाण घेतला आणि फऱ्यात दाबला. हातातला दांडा आपसूक वळला. आत कोणी पिळावा तसा. हाडावर टेकला, आणखी जोर दिला, तर हाड तडकून दोन झालं. मग मी घासलेलं पातं बॅगेतून काढून त्याच दांड्यावर बसवलं आणि दाबलं. मांस सरळ कापलं, हाडाशी गेलं आणि अडकून बसलं. दोनदा करून बघितलं. लेक बाजूला उभी होती.

जेवताना जावयांनी माझ्या ताटात स्वतः रस्सा वाढला. मला मान वर करता आली नाही. त्या घासलेल्या पात्याने अर्धवट कापलेलं डुक्कर झाडीतून धावताना दिसत होतं. हे न तडफडवणाऱ्याचं काम! खाली मान घालून जेवलो आणि भिंतीकडे तोंड करून पडलो.

सकाळी मित्र जावयांना न्यायला आला. ते माझ्या पाया पडायला वाकले, तर मी मागे सरलो. "आधी बॅग उघडा," म्हटलं. मी घासलेल्या पात्यांची पेटी स्वतःच्या हाताने बाहेर काढली, तीन धारांच्या पात्यांची आत ठेवली. मग मित्राकडे वळलो.

"काल मी तुम्हाला अडाणी म्हणालो. तुमचं खरं होतं. ही पाती मी वाया घालवली."

"अहो काका, असू द्या हो."

"असू द्या नाही," मी म्हटलं, आणि लेकीसमोर, जावयांसमोर, त्या पोराला हात जोडले.