बेतवेचे खडे आणि मागची सीट

मी चालत्या गाडीत मान पार मागे वळवली, रिकाम्या सीटकडे बघितलं आणि त्याच क्षणी कचकन ब्रेक दाबला. मागून लोडर, म्हणजे इकडचा छोटा मालटेम्पो, येत होता. बस, एवढीच माझी चूक.

आधीच सांगतो, या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवताना वाचतो आणि फिदीफिदी हसतो. मी इंजिनियर, सरकारी कंपनीत, मूळचा चिपळूणचा, बदलीवर झाशीत. भूत भेटलं तर आधी त्याचं वजन विचारणारा माणूस.

आमच्याकडे खड्याच्या गौरी. दरवर्षी वृषाली, म्हणजे आमची मंडळी, कॉलनीतल्या नळापासून खडे उचलते. पण गेल्या भाद्रपदात लक्ष्मी गेट भागातल्या काकूंनी — पिढ्यानपिढ्या इथलंच मराठी घर — तिला झापलं. "बेतवा वाहत्ये आणि नळावरची गौर आणतेस? लाज नाही वाटत?" नियमही सांगितले. आणणारीने तोंडात पाणी धरायचं, उंबऱ्यापर्यंत चकार शब्द नाही. आणि मागे वळून कोणी बघायचं नाही. 'कोणी' म्हणजे बायकांनी, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

तर मोठ नावाच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नदीतून खडे घेतले आणि निघालो. वृषाली शेजारी, मांडीवर ताम्हन, गाल टम्म फुगलेले. लग्नानंतर पहिल्यांदाच गाडीत अशी शांतता! काचा बंद, एसी चालू. मी मजेत.

आणि अगदी मानेमागून, बाईच्या आवाजात —

"अहो, थांबा!"

आता बघा, या रस्त्यावर कोणी 'रुको' ओरडलं असतं तर मी ढिम्म हललो नसतो. 'ओ भैया'लाही नाही. पण 'अहो' म्हटलं की, घरी 'अरे' ऐकत असला तरी, मराठी नवऱ्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. वर मी मान वळवली. सीट रिकामी. मग धाडकन आवाज...

वृषालीला खरचटलंही नाही. ताम्हन जागच्या जागी, तोंडातलं पाणीसुद्धा जागच्या जागी! तशीच उतरली आणि लोडरवाल्याला नुसत्या हातवाऱ्यांनी असं काही सुनावलं की तो बिचारा हात जोडून उभा राहिला.

त्या दिवशी मला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मान लाकूड झालेली. डोक्याच्या मागून कळ, उठलं की गरगर, डाव्या हाताला मुंग्या. सीपरी बाजारातले डॉक्टर म्हणाले, "एक्स-रे तो साफ है. मगर गर्दन मुड़ी हुई थी, इसलिए झटका ज़्यादा लगा. मैडम सीधी बैठी थीं, बच गईं." मग कॉलर, शेक, व्यायाम.

आवाजाचं सांगितलं तर म्हणाले, "झटके में याददाश्त आगे-पीछे हो जाती है."

वृषालीचं निदान वेगळं होतं. "मोबाईल बघत होतास."

"अगं, आवाज आला! तूच ओरडलीस की काय?"

"तोंडात पाणी घेऊन?"

मलाही तेच सतावत होतं. दोघांचे फोन तपासले, गाडीतला स्पीकर उपसून बघितला, काही नाही. आणि तिने सांगून टाकलं, "खरं काय ते बोलत नाहीस तोवर तुझ्या गाडीत बसणार नाही." खरंच बसेना. रिक्षाने जायची, मी मागून एकटा, गळ्यात पट्टा. कॉलनीभर चर्चा.

दिवाळीच्या आधी लोडरवाला रामसेवक घरी आला, मोठहून शेंगांची पिशवी घेऊन. काकूही माझी मान बघायला आलेल्या. दार वृषालीने उघडलं, "आइए भैया" म्हणाली, तर तो दचकून मागेच सरला.

"भाभी... आप बोल लेत हो?"

"क्यों? हम नहीं बोलेंगे?"

"हम तो समझे ते आप गूंगी हो. सो हमने सोची, चिल्लाईं तो पाछें वाली अम्मा हुइएँ." मग माझ्याकडे वळून, मनापासून काळजीने, "अम्मा कैसी हैं, भाईसाब? उनकी गर्दन में तो भौत लगी हुइए. आपने ब्रेक मारो, तो वे पूरी मुंडी घुमा कें हमाई तरफ देख रई तीं."

मी वृषालीकडे बघितलं. ती खिडकीतून बाहेर उभ्या गाडीकडे बघत होती.

"और जे 'थांबा' का होत है?" त्याने विचारलं.

आमच्या काचा बंद होत्या, आणि तो मागच्या लोडरमध्ये होता. त्याला मराठीचा गंध नाही. हा शब्द मी त्याच्यासमोर कधी उच्चारलेला नाही... याचं उत्तर असेल कोणाकडे तर सांगा. मान अजून डावीकडे अर्धीच वळते, आणि खरं सांगू? पूर्ण वळवायची मला घाईही नाही. वृषाली गाडीत बसते आता, पण मागच्या सीटवर सामान खच्चून भरल्याशिवाय नाही.

त्या दिवशी रामसेवक गेल्यावर मी हळूच विचारलं, "काकू, म्हणजे... साक्षात गौर होती?"

काकू शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गौर असती तर हिला हाक मारली असती. तुझ्यासारख्या माठाला ती कशाला बोलावील?"