मंगलताई गेल्यावर मी चुकवलेली तपासणी

आज मंगलताईला जाऊन वर्ष झालं. आणि हे वर्षभर मी घरी खोटं बोलत होते.

"चेकअप झालं. सगळं क्लिअर आहे."

असं मी ह्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी नाशिकला गेलेच नव्हते. संगमनेरच्या स्टँडवरून परत फिरले आणि शाळेत जाऊन पेपर तपासत बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मंगलताई आमच्या संगमनेरशेजारच्या अकोले तालुक्यातली. घरी गायी, रोज डेअरीला दूध घालणारी बाई. आमची ओळख नाशिकला केमोच्या वॉर्डात झाली. दोघींनाही ब्रेस्ट कॅन्सर, दोघींचंही ऑपरेशन डाव्या बाजूचं, आणि खुर्च्या शेजारीशेजारी.

तिचं माझ्याशी पहिलं वाक्य होतं, "बाई, केस गेल्यावर डोक्याला लई थंडी वाजती. टोपी आनली का?"

उपचार संपले. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी पेढे मागितले. मी वाटलेही.

पण दर सहा महिन्यांनी तपासणीची तारीख यायची.

त्याच्या आठ दिवस आधीपासून मला जेवण जायचं नाही. वर्गात फळ्याकडे तोंड करून मी काखेत गाठ चाचपायची. कातडी लाल होईपर्यंत. खोकला आला की वाटायचं, फुफ्फुसात गेलं. डोकं दुखलं की मेंदूत.

मग ताईला फोन.

"इद्या, आधी काखेतला हात काढ."

"काढला."

"खोटं बोलती. काढ."

(मी विद्या. तिच्या तोंडी कायम इद्या.)

आम्ही तारखा एकाच दिवशी घ्यायचो. एकाच एसटीनं जायचो. मला वाटायचं ही बाई कशालाच घाबरत नाही.

एकदा तपासणीच्या आधी ती बाथरूममध्ये गेली आणि बाहेरच येईना. मी दार ढकललं. ताई बेसिनला धरून उलट्या करत होती. चेहरा पांढराफटक.

"दर टायमाला हुतं," ती तोंड पुसत म्हणाली. "तुला सांगितलं आसतं, तर तू कुनाला फोन केला आसता?"

पुढच्या तारखेला ती आली नाही. म्हणाली, गाय व्यायला झालीय. महिन्यानं म्हणाली, घरात पाहुणे हायत.

मग एक दिवस तिचा फोन आला.

"इद्या, पाठ लई दुखती गं. गवताचे भारे उचलते ना, त्यानं आसंल का?"

मला त्याच क्षणी कळलं होतं.

"ताई, उद्याच्या उद्या दवाखान्यात चल." एवढंच म्हणायचं होतं मला. पण डोक्यात एकच आलं. हिचं परत आलं असेल, तर माझंही येणार.

मी म्हणाले, "हो, भाऱ्यांनीच असेल. शेक घे."

दोन महिन्यांनी तिला उठता येईना, तेव्हा मुलानं तिला नाशिकला नेलं. मणक्यात पसरलं होतं.

दोन महिने आधी गेली असती तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना कधीच विचारलं नाही. अजूनही विचारू शकत नाही.

शेवटी तिला भेटायला गेले तेव्हा मी सगळं कबूल केलं. "ताई, मला तेव्हाच शंका आली होती. मी बोलले नाही."

ती पडल्या पडल्या छताकडे बघत होती.

"मला ठावं हुतं तू तसंच म्हननार. म्हनून तर तुलाच फोन केला. सुनंला सांगितलं आसतं, तर तिनं त्याच दिशी गाडीत घातलं आसतं."

मग माझा हात धरून म्हणाली, "आपन दोगीबी भित्र्या, इद्या."

त्यानंतर आठ-दहा दिवसांत ती गेली.

आणि मी तपासणीला जाणं बंद केलं. ती नाही तर दवाखान्यातल्या त्या बाकड्यावर बसायचं कुणाशेजारी?

तिथीनं तिचं वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात झालं. तिची सून शीतल पंगतीत वाढत होती. माझ्यापाशी थांबून म्हणाली, "मावशी, तुमची तपासणी झाली ना?"

"हो."

"कधी?"

मला तारीख सांगता येईना.

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "आत्याबी आसंच म्हनायच्या," ती म्हणाली. आणि रडायला लागली. वाढता वाढता, सगळ्यांदेखत.

घरी येऊन मी ह्यांना खरं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. पण म्हणाले, "म्हणजे वर्षभर तू एकटीच घाबरत होतीस?"

काल आम्ही दोघं नाशिकला गेलो.

सोनोग्राफी करताना डॉक्टरबाई उजव्या बाजूला एका जागी थांबल्या. परत जेल लावलं. परत तिथंच.

"काही आहे का?" मी विचारलं.

"सोमवारी बायोप्सी करून घेऊ. बऱ्याचदा काही निघत नाही."

कालपासून माझ्या कानात तो एक "बऱ्याचदा" घुमतोय. सोमवारपर्यंतचे दिवस कसे काढायचे, खरंच कळत नाहीये. लेक बोलत असते, मला ऐकूच येत नाही.

हे सगळं इथं उघड लिहितेय, म्हणजे सोमवारी स्टँडवरून परत फिरायला मला तोंड उरणार नाही.

आज सकाळी वेड्यासारखा ताईच्याच नंबरवर फोन लावला. तो फोन आता शीतलकडे असतो. तिनं उचलला. मी नुसती रडत राहिले.

ती म्हणाली, "मावशी, सोमवारी मीबी येते. पहिल्या गाडीनं निघते. संगमनेरला स्टँडवर थांबा."

मंगलताई, त्या दिवशी फोनवर जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही. मला माफ कर.

जिथं असशील तिथं तुझी पाठ दुखत नसू दे.

तुझी,
इद्या