बिनपायाची अक्षरं

फ्लेक्सच्या दुकानात टेबलाखाली कापलेल्या कडा साचतात ना, तसे आमच्याकडे किस्से साचलेत. झाडून टाकावेत म्हटलं तर निघत नाहीत. शहाद्याच्या या दुकानात मी अक्षरं जुळवतो. आमच्याकडे एक मालक आहेत, त्यांना सगळे शेठ म्हणतात. आणि एक बापू पेंटर. तालुक्यातल्या निम्म्या भिंती बापूंच्या हातच्या. फ्लेक्स आल्यापासून ते फ्लेक्सला भोकं पाडून दोरी ओवतात. यात हसण्यासारखं काही नाही, पण आम्ही हसायचो!

* * *

शेठ एकदा सुरतेहून परत आले ते नवीन शब्द घेऊनच. "आजपासून आपल्याकडे सगळं सॅन्स-सेरिफ! क्लीन लुक!"

बापूंनी मला विचारलं, "हाई काय ऱ्हास, भाऊ?"

मी समजावलं. इंग्रजी अक्षरांच्या टोकांना बारीक पाय असतात, ते काढून टाकायचे. मराठीत पाय नाहीतच, म्हणून ब्रशचा जाड-बारीकपणा काढायचा. सगळी रेघ सारखी, सडसडीत.

बापू दोरी ओवता ओवता म्हणाले, "पायच नहीत, मंग उभं कसं ऱ्हाई ते अक्षर?"

* * *

पहिला बोर्ड गेला खापर गावाला, एका खमणवाल्याचा. शेठनी निवडलेल्या फॉन्टमध्ये 'ख'चे दोन तुकडे सुटे पडायचे. बोर्ड लागला, 'रवापर रवमण हाऊस'.

चौथ्या दिवशी खमणवाला दुकानात हजर. "गिऱ्हाईक इचारस, हाई रवानं शे का? अरे, मी बेसनना मानूस शे!"

शेठ म्हणाले, "लोकांना सवय होईल."

* * *

ब्राह्मणपुरीच्या भरतभाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर तर चौकातच लागला होता. 'भ' आणि 'म' यांच्यात फरक तो केवढा, डोक्यावरच्या एका फटीचा. बारीक फॉन्टमध्ये ती फट बुजली. 'मरतभाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!'

भरतभाऊंची आई बॅनरची गुंडाळी काखेत मारून रिक्षाने आली. शेठनी तिच्यापुढे कॉम्प्युटर फिरवला. "आजी, झूम करून बघा, भ च आहे!"

म्हातारी म्हणाली, "चौकमा उभी ऱ्हाईसन मी डोयाले झूम लावू का?"

त्या दिवशी मीही शेठच्या बाजूने बोललो होतो. आज लाज वाटते.

* * *

खोटं कशाला बोलू, बिनपायाचा फॉन्ट वाईट नाही. हायवेवरच्या एका ढाब्याचं नाव मी त्याच फॉन्टमध्ये केलं, पण ठसठशीत, दोन अक्षरांत मोकळी जागा सोडून. धावत्या एसटीतून वाचता यायचं. बापू मुद्दाम जाऊन बघून आले. म्हणाले, "चांगला शे. जाड शे ना, म्हनीसन चांगला शे."

त्यांनी माझं केलेलं ते एकमेव कौतुक.

* * *

मग मोलगीकडच्या डोंगरातल्या एका पाड्याच्या आशाताई, म्हणजे आशा सेविका, आल्या. अडलेल्या बाईसाठी जीप बोलवायची, तर जीपवाल्याचा नंबर शाळेजवळ मोठा लावायचा होता. पूर्वी बापूंनीच तो भिंतीवर रंगवला होता, पण पावसाने पुसट झाला.

शेठनी डिझाइन सांगितलं. वर पुढाऱ्याचा फोटो, बाजूला आणखी चार फोटो, मध्ये शुभेच्छा. नंबर खाली, उरलेल्या पट्टीत. मावावा म्हणून सगळ्यात बारीक फॉन्ट.

बापू माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "भाऊ, एक नि नऊ सारखाच दिसी ऱ्हायनात. जाड कर."

मी म्हणालो, "बापू, ले-आउट बिघडतो."

ते आपल्या टेबलाकडे गेले. भोकं पाडली, दोरी ओवली.

दोन महिन्यांनी ताई परत आल्या. घरी पावरी बोलणारी बाई, आमच्याशी शाळेतल्यासारखं मराठी बोलायची. म्हणाली, "नंबर पुन्हा लिहून पाहिजे. भिंतीवर. बापूंच्या हातचा."

मग उभ्या उभ्याच सांगितलं. पाड्यावरची एक बाई अडली. नवऱ्याने बोर्डावरचा नंबर उतरवून घेतला, रेंजसाठी टेकडी चढला आणि सात वेळा फोन लावला. सातही वेळा कुणी परका माणूस "राँग नंबर" म्हणाला. शेवटी झोळी करून तिला सडकेपर्यंत खाली आणली.

शेठ खाली बघत बसले. बापूंनी कपाटामागून ब्रशचा डबा काढला.

मी मात्र जुनी फाईल उघडली. एकेक आकडा ताडून पाहिला. चूक माझी नव्हती, हे मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

"ताई, नंबर तर बरोबर आहे. वाचला नाही का?"

"नाही वाचला," ताई म्हणाल्या. "मुलगा होता."