डॉक्टरीणबाईंच्या घरातली निकिता

निकिता मूळची पिंपळगाव बसवंतची. वडील संतोष तिथल्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला, आई हंगामात द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये जाते. दहावीनंतर निकिताला नाशिकला उज्ज्वलामावशीकडे ठेवलं. घरी तोंडाचा पट्टा थांबायचा नाही अशी ही पोरगी; पण कॉलेजात तिच्या ‘लय’ आणि ‘हाय’ला कुणीतरी हसलं आणि ती मुकीच झाली. दिवाळीच्या सुट्टीत दिवसभर मोबाइल घेऊन पडून राहायला लागली, तेव्हा मावशीनं तिला उठवलं आणि डॉक्टरीणबाईंच्या घरी नेऊन उभं केलं.

हे घर जुन्या नाशकात, गोदावरीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आहे. डॉ. ललिताबाई खालच्या मजल्यावर बाळंतपणं करायच्या आणि वर एकट्या राहायच्या. त्या गेल्यावर त्यांच्या भाचीनं, उत्तराताईंनी, बँकेतून निवृत्त झाल्यावर घर नीट करून लोकांना बघायला खुलं केलं. लोखंडी खाटा, हत्यारं उकळायचं पितळी पातेलं, बाळं तोलायचा काटा, सगळं जागच्या जागी. दर रविवारी माहिती सांगायला अकरावी-बारावीची मुलं हौसेनं येतात.

उत्तराताईंनी माहिती लिहून दिली होती. पाठ केलेल्या वाक्यांत गावाकडचा शब्द निसटायची भीती नव्हती, त्यामुळे निकिताला ते काम आवडलं. बाळंतिणींच्या खोलीत आली की ती जराशी थांबायची आणि आवाज चढवून म्हणायची, “आणि विशेष म्हणजे, या खोलीत एकही बाळ कधी दगावलं नाही!” लोक टाळ्या वाजवायचे. तिच्याबरोबर यशोधन असायचा, त्र्यंबकेश्वरच्या पुरोहितांच्या घरातला. तो म्हणायचा, “हे वाक्य तुझ्याइतकं भारी कुणी टाकत नाही.”

जानेवारीतल्या एका रविवारी गर्दी जरा जास्तच होती. त्यात नऊवारीतल्या एक आजी होत्या आणि त्यांचा हात धरून त्यांचा नातू महेश. विंचूरजवळच्या खेड्यातली ही माणसं. त्र्यंबकेश्वरचं दर्शन झाल्यावर आजींनी परतीच्या वाटेवर हट्टानं गाडी इकडे वळवायला लावली होती. का, ते महेशलाही सांगितलं नव्हतं.

निकितानं ते वाक्य म्हटलं. टाळ्या झाल्या. आजी मात्र हळूच खिडकीजवळच्या खाटेवर टेकल्या.

“आजी, खाटेवर बसायचं...” म्हणत निकिता पुढे झाली आणि त्यांचा चेहरा बघून थबकली.

“माझं गेलं ना बाई,” आजी खालच्या आवाजात म्हणाल्या. “ह्याच खोलीत.”

जवळच्या दोघातिघांनी ऐकलं. एका बाईनं टाळ्या वाजवून जोडलेले हात हळूच खाली घेतले. निकिताला पुढचं एक वाक्य आठवेना. तिनं यशोधनला खूण केली. तो बाकीच्यांना वर घेऊन गेला, आणि निकितानं दार लोटून घेतलं.

“लय त्रास झाला का वो, आजी?” ती बोलून गेली. तिच्या घरची बोली होती, तिला स्वतःला कळलंही नाही. कोपऱ्यातला तांब्या घेऊन तिनं पाणी दिलं आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली.

आजींचं नाव सिंधुबाई. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. कळा सुरू झाल्या त्या थांबेनात. बैलगाडीतून लासलगाव, तिथून रेल्वेनं नाशिक. टांगा दारात लागला तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती.

“मुलगी झाली. रडलीच नाय. सासू म्हणली, हिला दाखवू नका, मनाला लावून घेईल. डॉक्टरीणबाईनं कुणाचं ऐकलं नाय. आपल्या लुगड्याचं मऊ फडकं फाडलं, पोरीला त्यात गुंडाळलं अन् माझ्या कुशीत दिलं. म्हणली, आई हायेस तू, बघून घे. मग इचारलं, काय नाव ठेवणार होतीस?”

“मग?”

“सुवर्णा म्हणले मी. ती पण म्हणली, सुवर्णा. अन् रडली गं, एवढी मोठी डॉक्टरीण. तिच्यामागं ते नाव कुणी घेतलं नाय. घरात इषयच बंद.”

महेश आतच दाराशी उभा होता. चाळिशीचा माणूस, दोन मुलांचा बाप. “आजी, म्हणजे मला आणखी एक आत्या होती?” त्यानं विचारलं. “थोरली,” सिंधुबाई म्हणाल्या. तो येऊन त्यांच्या शेजारी खाटेवर बसला. बसू नका असं निकितानं त्यालाही सांगितलं नाही.

निघताना निकितानं विचारलं, “आजी, हे मी लोकास्नी सांगू का?”

सिंधुबाई पदर सारखा करत म्हणाल्या, “सांग. पण पोरीचं नाव घेऊन सांग.”

उत्तराताईंना मात्र हे पटलं नाही. “निकिता, माझ्या मावशीनं आख्खं आयुष्य या कामात घातलं. कुणी तरी म्हातारी येऊन काही बोलली म्हणून आपण असं सांगायचं? दुसऱ्या कुठल्या दवाखान्यातलं असेल.”

“ताई, त्या कशाला खोटं सांगतील? फडकं लुगड्याचं होतं इथपर्यंत आठवतंय त्यांना.”

“खात्री होईपर्यंत लिहिलंय तेच सांगायचं.” उत्तराताई दुखावल्या आहेत, हे निकिताला दिसत होतं. पण पुढच्या रविवारी त्या खोलीत आल्यावर तिच्या तोंडून ते वाक्य काही निघेना. ते गाळून ती पुढे गेली. असे दोन-तीन रविवार गेले.

मग एकदा घोळक्याच्या मागे उत्तराताई स्वतः येऊन उभ्या राहिल्या. निकिताला वाटलं, आजपासून येऊ नको म्हणतील. पाठ केलेलं म्हणून टाकावं का, असंही मनात आलं. तिनं खिडकीजवळच्या खाटेकडे पाहिलं आणि सिंधुबाईंची हकिगत सांगितली, सुवर्णाचं नाव घेऊन. मध्ये दोनदा ‘नाय’ आला. कुणी हसलं नाही. एक बाई डोळे पुसत होती. टाळ्या वाजल्या नाहीत.

लोक गेल्यावर उत्तराताई बराच वेळ खोलीतच होत्या. निकिता चपला घालून निघाली तेव्हा त्यांनी हाक मारली.

“आम्ही लहानपणी सुट्टीत इथे यायचो ना,” त्या म्हणाल्या, “तेव्हा मावशी काही काही दिवस ताटावर बसायचीच नाही. आम्हा पोरांना वाटायचं, हिला फार उपास. ना एकादशी, ना चतुर्थी. कसला उपास, ते आज कळलं.” त्यांनी खिडकीजवळच्या खाटेवर हात ठेवला. “एकही बाळ दगावलं नाही, असं ती स्वतः कधीच म्हणाली नव्हती. तिच्या शोकसभेत कुणीतरी म्हणालं. मला ते इतकं आवडलं, की मी लिहून टाकलं.”

निकिता त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. उत्तराताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “त्या आजींचा फोन नंबर आहे का तुझ्याकडे?”

महेशचा होता. त्या महिन्यात उत्तराताई विंचूरकडे जाऊन आल्या. सिंधुबाईंनी त्यांना जेवायला घालूनच सोडलं. घरातल्या सगळ्यांना आता सुवर्णा माहीत झाली होती, आणि महेशच्या धाकट्या मुलीनं तर पणजीला विचारून विचारून भंडावलं होतं.

निकिता आता बारावीत आहे. घरच्यांना वाटतं, एवढं दवाखान्यात रमते म्हणजे पोरगी नर्सिंगला जाणार. तिला मात्र कॉमर्सच करायचंय, तसं तिनं स्पष्ट सांगितलंय. कॉलेजात ती पुन्हा बोलायला लागली आहे. कधी शुद्ध, कधी पिंपळगावची. यंदा नव्या मुलांना तयार करायचं काम उत्तराताईंनी तिच्यावर टाकलं. परवा ती त्यांना सांगत होती, “माहिती विसरली तर विसरली, काय बिघडत नाय. माणसांकडं बघा. मधेच कुणी गप्प झालं, तर तुम्ही बोलायचं थांबवा अन् त्यांना आधी पाणी द्या.”