शेपटीचं लिंबू

म्हाळसाबाईची खारी चिलापी सोलापूरच्या बाजारात पाटी टेकायच्या आत खपायची. उजनीच्या काठावर आपल्यासारखी मासळी खारवणारं कुणी नाही, असं तीच सांगायची, आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. त्या उन्हाळ्यात मात्र पिंपातल्या मिठावर लाली चढली, मासळी गुलाबी पडली, आणि गिऱ्हाइकं नाक दाबून पुढं सरकायला लागली.

"कुंकू टाकलंय कुनीतरी," म्हाळसाबाईनं निकाल दिला. कुणीतरी म्हणजे भिंतीपलीकडची धाकटी जाऊ, सुकन्या. इकडं धंदा बुडत असताना तिनं नुकताच मिक्सर घेतला होता. एवढा पुरावा गावाला पुरला. अमावस्येला ज्ञानबा देवरुषी चारचौघांत करणी करणारीचं नाव फोडणार असं ठरलं. नाव फुटलं की सुकन्येच्या हातचं पाणीसुद्धा कुणी पिणार नव्हतं.

अमावस्येच्या दुपारी ज्ञानबा उताऱ्याची कोंबडी घेऊन पाटावर बसतोय, तेवढ्यात कॉलेजचे शिवकुमार सर मोबाइल नाचवत आले. मागं त्यांनी त्या मिठाची चिमूट तपासायला नेली होती.

"मावशी, हे कुंकू नाही, आर्किया आहेत! डोळ्यांना न दिसणारे जीव. बॅक्टेरियासारखे बारीक, पण कूळ वेगळं. मिठातच सुखानं नांदतात. आणि त्यांना पछाडणारा विषाणू हा बघा, लिंबासारखा!"

"लिंबू!" अख्खी गर्दी ओरडली.

"याला शेपटीपण आहे..."

"शेपटीचं? लईच जालीम," ज्ञानबा म्हणाला. त्याला धंद्यातलं कळत होतं.

सर रंगात आले. असले आकार दुसऱ्या जीवांच्या विषाणूंत सहसा सापडत नाहीत, म्हणाले. गरम झऱ्यातल्या आर्कियांना लागणारा एक तर बाटलीसारखा असतो, दुसरा दोऱ्यासारखा.

"लिंबू, दोरा, बाटली. समदं सामान हाय की! सर, तुमी शिकला कुनाकडं?" ज्ञानबानं विचारलं.

भिंतीवरून सुकन्येनं डोकं काढलं. "सर, ह्ये लिंबू सोडलंय कुनावर? मानसावर?"

"छे! फक्त आर्कियांवर."

"म्हंजे लाल करनाऱ्यावरच! मग सोडनारा आक्काच्या बाजूचा की. आन् लाली आली कुटनं?"

"खड्याच्या मिठातून. मिठागरातूनच येते. पिंप धुवा, मीठ बदला."

मीठ म्हाळसाबाईनं स्वतः पारखून आणलं होतं. साऱ्या माना तिच्याकडं वळल्या. ज्ञानबानं कोंबडी सावरली. "बोल बाई, कुनाचं नाव घिऊ?"

म्हाळसाबाईनं भिंतीकडं बघितलं. सुकन्येचं हसू मावळलं होतं. ज्ञानबाला तसंच परत धाडायचं, तर गावात शोभा व्हायची.

"आर्किया," ती म्हणाली.

"कुनाची सून?"

"हितली न्हाय. समुद्राकडची हाय."

ज्ञानबानं आर्कियाचा साग्रसंगीत उतारा काढला आणि कोंबडी घेऊन गेला. सर कपाळाला हात लावून बसले. गर्दी पांगल्यावर म्हाळसाबाईनं भिंतीपाशी जाऊन घसा खाकरला.

"सुकन्ये, पिंप धुवायचंय. एकटीला उचलत न्हाय."

"करनीचं पिंप त्ये. म्या न्हाय बाई हात लावत," सुकन्या म्हणाली, आणि पदर खोचून आली.